पिंपळाखालचे रोजचे वीस रुपये

हसा, पण आधी हातातला कप खाली ठेवा. हाच किस्सा मी साडूला सांगितला तेव्हा त्याच्या नाकातून चहा आला आणि आमच्या नव्या सोफ्यावर पडला. तो डाग अजून आहे. आणि त्याचंही खापर घरात माझ्याच डोक्यावर फुटलंय!

तर आधी माझी ओळख. मी गावडे सर. मुलुंडला स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासमध्ये सकाळच्या बॅचला अर्थशास्त्र शिकवतो. बावीस वर्षं झाली. आणि या बावीस वर्षांत एक धडा असा आहे की तो मला झोपेतून उठवून विचारलात तरी डोळे न उघडता म्हणून दाखवीन. कर कशाला म्हणायचं आणि कशाला म्हणायचं नाही!

म्हणजे बघा. कर सरकार कायद्याने घेतं, तो सक्तीचा असतो, आणि ‘मी एवढे भरले, मला त्याबदली काय मिळालं?’ असं विचारायची सोय नसते. शुल्क वेगळं. त्यात तुम्ही ठरावीक सेवा घेता आणि तिचे पैसे मोजता. दंड म्हणजे नियम मोडल्याची शिक्षा. आणि देणगी म्हणजे राजीखुशीने, स्वतःच्या मनाने दिलेले पैसे. चार डबे. कुठलाही पैसा आणा, मी तो बरोबर त्याच्या डब्यात टाकतो. निदान असं मी वर्गात छातीठोकपणे सांगायचो.

आणि त्याच माणसाने सात महिने काय केलं, ऐका.

गेल्या जूनमध्ये आमचा क्लास बाजारामागच्या एका गल्लीत हलला. जागा झकास, पण स्कूटर लावायची पंचाईत. माझी स्कूटर म्हणजे काय, तर आमच्या लग्नाहून थोडी लहान आणि तेवढीच कुरकुरणारी. पहिल्या दिवशी मी दोन चकरा मारल्या, तर गल्लीच्या तोंडाशी एक मोठा पिंपळ दिसला. पिंपळामागे काहीतरी अर्धवट बांधकाम. बांबूची परांची, वरून निळी ताडपत्री. मला वाटलं पालिकेचं पंपहाऊस असेल. पिंपळाखाली सात-आठ दुचाक्या रांगेत, आणि त्यांच्याशेजारी लाल प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारा. अंगात खाकी शर्ट, खाकी पँट, हातात पावतीपुस्तक.

आता तुम्हीच सांगा. रांगेत गाड्या, बाजूला खाकी कपड्यातला माणूस, हातात पावतीपुस्तक. तुम्हाला काय वाटलं असतं?

मी स्कूटर स्टँडला लावली. म्हातारा उठला, हात जोडले आणि म्हणाला, “पावती फाडू काय?”

“फाडा ना. किती?”

“लोक वीस-वीस देतत.”

“सगळा दिवस?”

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, “दिवसभर, रातभर, कितीपण ऱ्हवा. कोण उठवता तुमका?”

वीस रुपयांत दिवसभर! मी तर खूश झालो. म्हाताऱ्याने कार्बन नीट लावला आणि विचारलं, “नाव काय लिवू?”

पार्किंगच्या पावतीवर नाव! मी मनात म्हटलं, वा, काय चोख कारभार आहे. “विजय गावडे. आणि गाडीचा नंबरही लिहा.”

“गाडयेचो नंबर? कित्याक?”

“लिहायलाच पाहिजे. नियम आहे.”

“तुमची तशी इच्छा आसा तर लिवतंय,” म्हणाला आणि त्याने नंबर लिहून घेतला. मी पावती घडी करून खिशात घातली. वाचली? छे! वाचायचा चष्मा बॅगेत, बॅग डिकीत, डिकी बंद, वर्ग सुरू व्हायला चार मिनिटं.

निघताना मी विचारलं, “रोज द्यायचे ना?”

म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला की काय सांगू! “रोज? रोज देशात?”

“म्हणजे काय! नियम म्हणजे नियम.”

“देव तुमचा बरा करो,” तो म्हणाला. मला वाटलं, बिचाऱ्याला कोणी धड पैसे देत नसतील, म्हणून भारावला.

म्हाताऱ्याला सगळे तात्या म्हणत. मूळ कणकवलीकडचे, भांडुपच्या एका कंपनीत वॉचमन होते, रिटायर होऊन पाच वर्षं झालेली. हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. आता वॉचमन रिटायर झाला तर अंगात खाकी कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता की नाही? पडला. आणि उत्तरही माझं मीच देऊन टाकलं. पालिकेने कंत्राटावर घेतलं असणार! नोकरीतले कपडे अजून धड होते म्हणून ते तेच घालतात, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

तर रोज सकाळी वीस रुपये, रोज पावती. पावत्या मी घडीसकट, न उघडता, एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये एकावर एक लावत गेलो. तात्या रोज विचारायचे, “गाडी बरी चलता ना?” मी म्हणायचो, “चालतेय हो.” ते समाधानाने मान डोलवायचे. मला वाटायचं, किती आपुलकी! दर शनिवारी तर ते माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा आणि चिमूटभर साखर ठेवायचे. पहिल्यांदा मी हात मागे घेतला. म्हटलं, “तात्या, पार्किंगवाल्याने गिऱ्हाइकाला खायला दिलेलं चालतं का?” त्यांना बहुतेक नीट ऐकू आलं नाही. म्हणाले, “घेवा, घेवा. नाय म्हणू नये.” घेतलं. खोबरं ताजं होतं.

तुमच्या लक्षात आलंय, हो ना? तुम्ही गालात हसताय. शनिवार, खोबरं, साखर. तुमच्या लक्षात आलं, पोरांच्या आलं असतं, पण अर्थशास्त्राच्या मास्तराच्या नाही आलं!

उलट मी या पार्किंगचं वर्गात उदाहरण केलं. फळ्यावर लिहिलं, ‘पिंपळाखाली रोज रु. २० = शुल्क.’ म्हटलं, “बघा, हा कर नाही. कारण पैशाच्या बदल्यात मला जागा मिळते. गाडी नेली नाही तर पैसे द्यावे लागत नाहीत. घेतली सेवा, दिले पैसे.”

पहिल्या बाकावर रूपाली कांबळे बसते. घाटकोपरहून येते, दुपारनंतर औषधांच्या दुकानात काम करते, आणि प्रश्न असा विचारते की समोरच्याला पाणी प्यावंसं वाटतं. तिने हात वर केला.

“सर, पण मी तर रोज बघते. बाकीच्या गाड्यांकडून ते काका काहीच घेत नाहीत. सगळ्यांना फुकट आणि तुम्हालाच वीस रुपये, हे शुल्क कसं?”

“कारण बाकीचे बुडवे आहेत!” मी गरजलो. “आणि अशा लोकांमुळेच देशाची वाट लागलीय.”

“पण काका त्यांना उठवत पण नाहीत.”

“हा अंमलबजावणीतला दोष. लिहून घ्या, परीक्षेला येतो.”

चाळीस जणांनी लिहून घेतलं. काय सांगू आता!

पण रूपालीचं बोलणं मला लागलं. मी एकटाच का भरतोय? दुसऱ्या दिवशी मी पिंपळाखाली उभा राहिलो आणि गाडी लावणाऱ्या प्रत्येकाला अडवायला लागलो. पहिला सापडला तो डेअरीवाला.

“पावती घेतलीत?”

“कसली?”

“हे तात्या इथे उन्हात बसतात ते काय हवा खायला? रोज गाडी इथे लावता, वीस रुपये द्यायला लाज वाटते?”

तो बिचारा ओशाळला. “नाही सर, द्यायचे होते. राहूनच गेलं,” असं म्हणत त्याने चक्क शंभराची नोट काढली. मग पेपरवाला. मग जिममधून घामाघूम येणारा एक दणकट पोरगा. तो मात्र अडला.

“अंकल, हे मनापासून द्यायचं असतं ना? जबरदस्ती थोडीच असते?”

“मनापासून?” मी केवढ्याने ओरडलो! “मनापासून द्यायला काय हे देवाला वाहतोयस? गाडी उभी करतोस ना? मग टाक पैसे!”

त्या पोराने माझ्याकडे बघितलं, आत ताडपत्रीकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. मग पन्नास रुपये काढून दिले आणि एवढासा होऊन निघून गेला. तात्यांच्या डोळ्यांत पाणी. मला म्हणाले, “सर, तुमच्यासारखी माणसा आसत म्हणान काम होता.”

मी म्हटलं, “कर्तव्य आहे, तात्या.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. मी पक्का नास्तिक. आमचे वडील गिरणी कामगार, युनियनवाले. देवाधर्माला पैसा नाही, हे बाळकडू. सोसायटीत गणपतीची वर्गणी मागायला आले की मी दारातच भाषण सुरू करतो. आता ते मी घरी नसताना येतात आणि बायको, सुलभा, गुपचूप देते. तिला एकदा मारुतीला तेल घालायला दहा रुपये हवे होते, तर मी अर्धा तास अंधश्रद्धेवर बोललो होतो. तिने शेवटी रद्दी विकून तेल घातलं. आलं लक्षात? एवढा कडवा!

तर असे सात महिने गेले. जानेवारीत एके दिवशी साडेदहाला वर्ग सोडून खाली येतो, तर पिंपळाखाली फक्त तात्यांची खुर्ची. तात्या पाणी प्यायला घरी गेलेले. गाड्या गायब! माझी स्कूटर गायब!

पानवाला म्हणाला, “टोइंगची व्हॅन आली होती सर. सगळ्या उचलल्या. इथे नो पार्किंग आहे ना. पाटी पिंपळाच्या फांदीमागे आहे, दिसत नाही.”

नो पार्किंग? मी सात महिने जिथे रोज पैसे भरले तिथे नो पार्किंग? माझं डोकंच फिरलं. मागे वर्गातली पाच-सहा पोरं उभी होती, रूपाली त्यांत. मी म्हटलं, “चला रे माझ्याबरोबर! शुल्क घेऊनही सेवा नाकारली तर नागरिकाने काय करायचं असतं, ते आज प्रत्यक्ष दाखवतो.”

निघाली वरात! पुढे मी, काखेत पावत्यांची फाइल, मागे पोरं. वाटेत मी त्यांना समजावतोय, “मोबदला मिळाला नाही, म्हणजे आता हे शुल्क उरलं नाही. आता हा झाला कर! बेकायदा कर! कारण कायदा दाखवल्याशिवाय कर घेता येत नाही. मी हे वरपर्यंत नेणार.” पोरं माना हलवतायत. एकजण तर चालता चालता वहीत लिहितोय!

चौकीत एक हवालदार मॅडम बसल्या होत्या. शांत बाई. टेबलावर चहा, शेजारी कसलंसं गाइड उघडं. मी फाइल धाडकन टेबलावर ठेवली.

“माझी गाडी उचलली. मी दंड भरणार नाही.”

“का बरं?”

“कारण मी त्या जागेचे रोज पैसे भरलेत. सात महिने. एकशे शहात्तर पावत्या, तीन हजार पाचशे वीस रुपये. एकाच जागेसाठी शुल्कही घ्यायचं आणि दंडही घ्यायचा? मॅडम, शुल्क आणि दंड यांत फरक काय असतो, माहितीय तुम्हाला?”

“माहितीय,” त्या म्हणाल्या आणि शेजारच्या गाइडवर बोट ठेवलं. “खात्याची परीक्षा देतेय. कालच केला तो धडा. शुल्क सेवेचं, दंड नियम मोडल्याचा, कर सक्तीचा. पण त्या गल्लीत पार्किंगचं कंत्राट कोणालाच दिलेलं नाही. पैसे घेतं कोण?”

“खाकी कपड्यातला माणूस! पावती देतो! बघा ना!”

मॅडमनी फाइल पुढे ओढली. पहिली पावती काढली. वाचली. माझ्याकडे बघितलं. दुसरी काढली. वाचली. चहाचा कप बाजूला सरकवला. मग मधली एक काढली, तीही वाचली.

“सर,” त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “तुम्ही या वाचल्यात का हो?”

“वाचायचं काय त्यात?”

“मग मीच वाचते.” आणि त्यांनी मोठ्याने, स्पष्ट, पोरांना ऐकू जाईल असं वाचलं. “श्री मारुती मंदिर जीर्णोद्धार समिती. श्रीयुत विजय गावडे यांजकडून सप्रेम देणगी रुपये वीस साभार पोहोचली.”

मी पावती ओढून घेतली आणि चष्मा शोधायला लागलो. वर पंखा करकरतोय.

“खाली गाडीचा नंबर पण आहे,” मॅडम म्हणाल्या. “नवस बोलला होतात का गाडीसाठी?”

मागून रूपालीचा आवाज आला. हसू दाबताना येतो ना, तसा चिरका. “सर, म्हणजे ती ताडपत्री...”

ताडपत्री! पंपहाऊस! शनिवारचं खोबरं! ‘देव तुमचा बरा करो!’ सगळं एकदम डोक्यात फिरलं. अहो, देवळाचं काम चालू म्हणून घंटासुद्धा काढून ठेवलेली, नाहीतर निदान आवाजाने तरी कळलं असतं! आणि तो जिमवाला पोरगा... मी त्या पोराला देवळाच्या दारात उभं राहून विचारलं होतं, देवाला वाहतोयस का म्हणून!

मी काय केलं? काय करणार! दंड भरला. मॅडमनी पावती दिली. ती मात्र वाचली. चष्मा लावून, तीनदा.

पण माणूस माझ्यासारखा असला की एवढ्यावर थांबत नाही. मी ठरवलं, पैसे परत मागायचे. गैरसमजातून दिलेले पैसे परत मागता येतात, तसा माझा हक्क आहे. स्कूटर घेऊन मी तसाच पिंपळाखाली गेलो. पोरं मागून आलीच. तात्या खुर्चीत बसले होते. मी तोंड उघडणार, तर तेच उठले.

“सर, बरा झाला इलात. तुमका कायतरी दाखवचा आसा.”

माझा हात धरून त्यांनी मला ताडपत्रीमागे नेलं. आत छोटंसं, नवंकोरं देऊळ. रंगाचा वास. कोपऱ्यात शेंदरी मारुती, आणि भिंतीवर संगमरवरी पाटी. देणगीदारांची. पहिलंच नाव, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत:

‘श्री. विजय गावडे सर (व त्यांची स्कूटर).’

खाली, कंसाबाहेर, स्कूटरचा नंबर. सोनेरी रंगात!

मागे पोरांचं काय झालं ते मी वळून बघितलं नाही. आवाज येत होते.

“तात्या,” मी घसा खाकरला, “मला जरा बोलायचंय. या पैशांबद्दल...”

“माका सगळा म्हायती आसा,” तात्या म्हणाले. “दोन वर्सां काम बंद होता, सर. अर्ध्यो भिंती झाल्यो आणि पैसो संपलो. लोक म्हणत, तात्या, घरी बस, ह्या वयात कित्याक ही कटकट? मी पुस्तक घेवन बसलंय थंय, तर दिवसाक एक पावती फाटा नाय. मगे तुमी इलात. न सांगता रोज वीस रुपये. गाडयेसाठी नवस केल्लो असतलो, म्हणान मी विचारलंय नाय. आणि मगे तर तुमी लोकांक धरून धरून पैसे देवूक लावलात! त्या जिमवाल्यान फुडल्या म्हयन्यात पाच पोती सिमेंट पाठवल्यान. सांगल्यान, ते सर काय बोलले, माका रातभर झोप नाय.”

आता सांगा, यावर काय बोलायचं? ‘तात्या, मला वाटलं तुम्ही पार्किंगवाले’ म्हणायचं? पंचाहत्तरीचा माणूस, डोळे भरलेले, हात माझ्या हातात. मी मारुतीकडे बघितलं. त्याच्याकडून काही मदत होण्यासारखी दिसेना.

“तुमी कायतरी सांगत होतास?” तात्यांनी विचारलं.

“हेच की... अक्षरं छान काढलीयत.”

हे घरी कळू द्यायचं नाही असं मी पोरांना बजावलं. पण दोन दिवसांनी तात्या स्वतःच पत्ता काढून आमच्याकडे हजर! हातात आमंत्रण, पेढे, नारळ. दार सुलभाने उघडलं.

“कळस बसवतंव रविवारी. सरांच्या हातान व्हया. सगळ्यांत मोठे देणगीदार ते.”

सुलभाने तात्यांना बसवलं, पाणी दिलं, चहा दिला, सगळी हकिगत त्यांच्या तोंडून सावकाश ऐकली. मी आतल्या खोलीत पेपरात तोंड खुपसून. तात्या गेल्यावर ती दारात येऊन उभी राहिली.

“मारुतीला?”

“सुलभा, ऐक तर.”

“मी दहा रुपये मागितले तर अर्धा तास भाषण. आणि स्वतः गुपचूप रोज वीस?”

“अगं, मी नास्तिकच आहे!”

“मग हे काय होतं?”

“पार्किंग!”

ती तिथेच खुर्चीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग उठली आणि रविवारसाठी माझा कुर्ता इस्त्रीला टाकून आली.

रविवारी मी ठरवून गेलो होतो की स्टेजवर खरं ते सांगायचं. लाज वाटली तर वाटली. आयुष्यभर लोकांना खरं बोला म्हणून शिकवलं, आता मागे हटायचं नाही. मांडवात शंभरेक माणसं. डेअरीवाला, पेपरवाला, तो दणकट पोरगा, हवालदार मॅडमसुद्धा साडी नेसून आल्या होत्या. आणि डाव्या बाजूला माझा अख्खा वर्ग. शाल झाली, नारळ झाला, माइक हातात आला.

“मित्रहो,” मी म्हटलं, “मी खोटं बोलणार नाही. यात माझं काही श्रेय नाही. मी हे पैसे भक्तीने दिले नाहीत. मला माहीतच नव्हतं की मी देवळाला पैसे देतोय!”

टाळ्या! अहो, कडाडून टाळ्या!

“खरंच सांगतो. मी चुकून दिले!”

पुढच्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, “बघ गो, एवढां देवनसुद्धा गर्व कसो तो नाय.” तात्यांनी डोळे पुसले. दणकट पोरगा येऊन चक्क पाया पडला. मी आणखी जोरात सांगायला गेलो, “माझा देवावर विश्वासच नाही हो!” तर कोणीतरी माइक काढून घेतला आणि समितीचे अध्यक्ष म्हणाले, “याला म्हणतात निष्काम सेवा!”

खरं बोललेलं कोणी ऐकूनच घेईना, तर करता काय? गेलो परांचीवर आणि बसवला कळस. खाली बघितलं तर सुलभा मोबाइलवर शूटिंग करतेय. आता नातेवाइकांत कोणीही घरी आलं की आधी तो व्हिडिओ, मग पाणी.

एवढं सगळं झालं आणि सोमवार उजाडला. आमच्याकडे दर सोमवारी छोटी चाचणी असते आणि पेपर मुलांपैकी कोणीतरी काढतं. त्या सोमवारी पाळी होती रूपालीची. मी वर्गात पाऊल टाकलं तर फळ्यावर प्रश्न तयार.

‘एका गृहस्थाने सात महिने रोज वीस रुपये दिले. ते मागणारा कोणताही कायदा नव्हता. बदल्यात सेवा मिळाली नाही. ते कुठल्या गुन्ह्याची शिक्षा म्हणूनही घेतले नव्हते. आणि ते द्यायची त्याची इच्छाही नव्हती. तर या रकमेला काय म्हणतात? (अ) कर (ब) शुल्क (क) दंड (ड) देणगी (इ) अक्कलखाती जमा.’

मी डस्टर उचललं. पुसावासा वाटला, पण पुसणार कसा? प्रश्न चोख होता. एकेक पर्याय घेतला, एकेक बाद झाला. मी स्वतः काढला असता तरी इतका नेमका जमला नसता.

पेपर घरी आणून तपासले. चाळीस मुलं, चाळीस उत्तरं, सगळी बरोबर. एकानेही ‘देणगी’वर खूण केली नाही. एकानेही ‘शुल्क’वर केली नाही. बावीस वर्षांत या धड्यावर कधी पस्तीस टक्क्यांच्या वर वर्ग गेला नव्हता!

आता मला सांगा, आधीच्या एकवीस बॅचना शिकवण्यात मी कितीने कमी पडलो होतो? तीन हजार पाचशे वीस रुपयांनी!